सात नळ्या, चार डोळे

भादव्याचं ऊन यंदाही तसंच पडलंय, डोक्यात शिरणारं. अंगणात मुगाच्या शेंगा वाळत घातल्यात. दुपार चढली की त्या आपल्या आपण तडकायला लागतात, आणि एखादा दाणा उडून थेट ओट्यापर्यंत येतो. परवा त्या टक्-टक् आवाजातच मोबाइल वाजला. ‘आपले पार्सल पोहोचण्यास विलंब होत आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ मी मोबाइल पालथा ठेवला आणि शेंगा हलवत बसले. अंगाचा तिळपापड झाला होता, पण नवल वाटलं नाही. हे ऊन, ह्या शेंगा आणि हा निरोप, तिन्ही एकदम आले की मला दोन वर्षांपूर्वीचा हंगाम आठवतो. आठवतो म्हणजे काय, घशाशी येतो.

मी वालूरची सून. माहेर परभणीचं. तिथंच तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला, मग दोन वर्षं पुण्यात एका कारखान्यात सर्किटं तपासण्याचं काम. लग्न झालं आणि वालूरला आले. सकाळी गावातल्या शाळेत विज्ञान शिकवते. पुण्याहून येताना एका बिस्किटांच्या डब्यात थोडं सामान आणलं होतं: सोल्डरिंग आयर्न, सर्किट तपासायचा एक मीटर, मूठभर सुटे भाग. तो डबा बरीच वर्षं कपाटाच्या खालच्या कप्प्यात होता. मधूनच उघडला की राळेचा, जळक्या कथिलाचा वास यायचा. कुणाला तो वास नकोसा वाटेल. मला त्या वासानं भूक लागते.

तो डबा बाहेर काढायला कारण झाल्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई.

आमच्याकडं ज्वारी ट्रॅक्टरनं पेरतात. ट्रॅक्टरच्या मागं बियाण्याची पेटी, पेटीतून सात नळ्या खाली फणांपर्यंत जातात. रान काळं. जरा ओल जास्त असली की फणाच्या तोंडाशी चिखल बसतो, नळी तुंबते आणि बी वरच अडकून राहतं. पुढं बसलेल्याला ते कळत नाही. कळतं आठ दिवसांनी, उगवण झाल्यावर. सहा ओळी हिरव्या आणि सातवी नुसती माती. म्हणून पेटीमागं एक फळी असते, तिच्यावर कुणीतरी उभं राहायचं आणि सातही नळ्यांवर नजर ठेवायची. आमच्या घरात ते काम आत्याबाईंचं. बैलांच्या तिफणीमागं चालत त्याच बी सोडायच्या. ट्रॅक्टर आला, तिफण गेली, आत्याबाई तेवढ्या फळीवर चढल्या.

त्या हंगामाच्या आदल्या वर्षी बांधाशी वळण घेताना त्या फळीवरून खाली आल्या. डावं मनगट मोडलं. चार बोटं इकडं पडल्या असत्या तर फण अंगावरून गेला असता. गोविंद, माझे यजमान, ट्रॅक्टर तेच चालवत होते. त्यांना हाक ऐकू आली नाही. पुढं वीस पावलं गेल्यावर मागं वळून बघितलं तेव्हा फळी रिकामी होती. त्या दिवशी ते जेवले नाहीत. हाड जुळलं, पण वाकडं. भाकरी थापताना आत्याबाईंचा डावा हात आता पुरता फिरत नाही. भाकरी एका अंगाला जाड होते, आणि त्या ती जाड भाकरी स्वतःच्या ताटात घेतात.

पुढच्या श्रावणात जेवताना मी विचारलं, “यंदा फळीवर कोण?”

“कोण म्हंजी? मीच की,” आत्याबाई म्हणाल्या. “हात मोडलाय मव्हा, डोळे न्हाई मोडले.”

मी गोविंदकडं बघितलं. ते ताटाकडं बघत होते. “माणूस मिळायचं न्हाई शुभांगी,” ते म्हणाले. “सगळ्यांच्या रानाला एकदमच वाफसा येतो. त्या चार दिवसांत कोण कुणाच्या फळीवर उभं राहील?”

वाफसा म्हणजे मातीनं पेरायला दिलेली परवानगी. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि खाली टाकला की फुटावा, इतकीच ओल. आधी गेलात तर चिखल, मागून गेलात तर ढेकळं. ती परवानगी तीन-चार दिवसांची असते आणि ती कुणी वाढवून देत नाही.

त्या दुपारी मी डबा काढला. कल्पना साधी होती. नळीच्या एका अंगाला डोळ्याला न दिसणारा उजेड सोडणारा बारीक दिवा बसवायचा, समोरच्या अंगाला तो उजेड ओळखणारा डोळा. मधून दाणा पडला की उजेड तुटतो. दाणे पडत राहिले तर ट्रॅक्टरवर समोर लावलेला हिरवा दिवा लुकलुकत राहील, थांबले तर दिवा विझेल आणि शिट्टी वाजेल. सात नळ्या, सात डोळे, सात दिवे. मग फळीवर कुणीच नको. डब्यात अशी एकच जोडी होती. ती नळीच्या एका तुकड्यात बसवली आणि स्वयंपाकघरात आत्याबाईंना म्हटलं, वरून ज्वारी सोडा. त्यांनी चिमटीनं दाणे सोडले. हिरवा दिवा लुकलुकला. त्यांनी चिमूट थांबवली, दिवा विझला आणि शिट्टी वाजली.

“ह्याला कळतंय व्हय गं दाणा?” त्यांनी विचारलं. मग पुन्हा दाणे सोडले, पुन्हा थांबवले. पावशेर ज्वारी फरशीवर सांडेपर्यंत त्यांचं ते चालू होतं.

त्या सगळ्या हंगामातली सुखाची म्हणावी अशी तेवढीच दुपार. मला वाटलं, अवघड भाग झाला. सुटे भाग काय, मागवले की येतील.

मुंबईच्या एका दुकानाच्या वेबसाइटवर दहा जोड्या मागवल्या. वालूरचा पिनकोड टाकला तर लाल अक्षरं आली: ‘या ठिकाणी सेवा उपलब्ध नाही.’ मग तालुक्याच्या, सेलूच्या कुरिअर ऑफिसचा पत्ता टाकला. पाच दिवसांत येईल म्हणाले. पोळा गेला, गणपती बसले. सेलूहून फोन आला तो महालक्ष्म्यांच्या दिवशी, घरात पुरणाचा घाट चालू असताना. गोविंद येता येता पाकीट घेऊन आले. मी पुरणाचे हात धुतले आणि सगळ्यांच्या देखत ते फोडलं. आतून वीस दिवे निघाले. डोळा एकही नाही. दहा जोड्यांच्या जागी वीस नुसते उजेड सोडणारे दिवे.

मी दुकानाला फोन लावला. एक मुलगी फार गोड आवाजात म्हणाली, “मॅम, आपने जो नंबर डाला था वही भेजा है.” भागाचा नंबर मी जोडीचाच टाकला होता. फोटो पाठवा म्हणाली. पाठवले. पाकिटाचे पाठवा. पाठवले. पाकीट फोडतानाचा व्हिडिओ आहे का? आता पुरणाच्या हातानं कोण व्हिडिओ काढणार होतं? चार दिवस घासाघीस झाल्यावर नवं पार्सल पाठवायला त्यांनी होकार दिला. तोवर महालक्ष्म्या उठल्याही होत्या. मखरावरच्या माळा मी गुंडाळून ठेवत होते. लाल, निळ्या, पळत्या उजेडाच्या. असल्या माळा आमच्या बाजारात टोपलीनं मिळतात, हव्या तेवढ्या, हव्या त्या रंगाच्या. चमकणारं सगळं मिळतं. बघणारं काही मिळत नाही.

शनिवारी शाळा अर्धी असते. ती सुटल्यावर मी एसटीनं परभणीला गेले. म्हटलं, आपलंच गाव, आपण शिकलो ते. दोन दुकानांत मोबाइलची कव्हरं आणि चार्जर सोडून काही नव्हतं. तिसऱ्या दुकानात काउंटरवरच्या माणसानं विचारलं, “काय बिघडलंय ताई?”

“बिघडलं काही नाही. नवीन करायचंय.”

“नवीन म्हंजी? कशाचा पार्ट हाय हा?”

“कशाचा नाही. मीच बनवायलेय. पेरणीच्या यंत्राला.”

“असं करा,” तो समजुतीनं म्हणाला, “मिस्टरांना फोन लावून द्या. मी त्यांना इचारून काय लागतंय ते काढून देतो.”

मिस्टरांना दिव्याची कुठली तार कुठं जाते हे ठाऊक नाही, हे त्याला सांगावंसं वाटलं. पायऱ्या उतरले. ऊन असं होतं की रस्ता पांढरा दिसत होता.

मग आठवलं ते दुकान, जिथून आम्ही डिप्लोमाच्या वेळी सगळं आणायचो. आत भिंतभर लाकडी खण. प्रत्येकावर खडूनं लिहिलेलं. मालक खण न बघताच हात घालायचे आणि नेमका भाग काढायचे. एक मागितला तर एकच द्यायचे, कागदाच्या पुडीत, हळदीकुंकवासारखा. चालत तिथं गेले. पाटी तीच होती. आत भिंतभर मोबाइलची कव्हरं टांगली होती. गल्ल्यावर त्यांचा मुलगा.

“बाबा गेल्यावर ते सामान काढून टाकलं,” तो म्हणाला. “कुणी विचारायचं न्हाई. भंगारवाल्याला दिलं.”

“सगळं? खणातलं?”

“खणासकट. किलोवर घातलं.”

मी त्या भिंतीकडं बघत उभी राहिले. माझ्याच वयाचा मुलगा. त्याची काही चूक नव्हती. पण तिथून निघताना जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही. आमच्या भागातली पोरं काही बनवत नाहीत, नुसती नोकरीच्या मागं असतात, असं मोठे लोक भाषणात म्हणतात. बनवायला बसलेल्या माणसाला एक बोटभर भाग हवा असतो, आणि तो मिळवण्यात त्याचा निम्मा जीव जातो, हे त्या भाषणात नसतं. पुण्यात मी जेवणाच्या सुट्टीत खाली उतरून भाग आणायचे आणि डबा संपायच्या आत परत यायचे. इथं त्याच भागासाठी महिना.

घरी आले तर पुढचं नष्टचर्य. सोल्डरिंग आयर्नचं टोक झिजून झिजून गेलं होतं, आता तेही तुटलं. दुसरं सेलूत नाही, परभणीत नाही. मागवायचं म्हटलं तर पुन्हा तेच पाच दिवस, पुन्हा तीच लाल अक्षरं. शेवटी गावात पाण्याच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या मिस्त्रीकडून जाड तांब्याच्या तारेचा तुकडा आणला, कानशीनं घासून टोकदार केला आणि कांडीत बसवला. चालला. पण वीज होती कुठं? असली तर इतकी मंद की पंख्याची पाती मोजता यावीत. कथिल वितळायचं सोडून नुसतं मऊ व्हायचं आणि सांधा धरायचा नाही. मी एकाच सांध्याला सातव्यांदा टेकवत असायचे आणि आत्याबाई शेजारी बसून म्हणायच्या, “ऱ्हाऊ दे गं. इतका जीव नको काढू. एका सालाचा तर प्रश्न हाय.”

एका सालाचा नव्हता. त्यांनाही ते ठाऊक होतं.

दुसऱ्या पार्सलची वाट मी मोबाइलवर बघत होते. मुंबईहून निघालं, संभाजीनगरला आलं, सेलूला पोहोचलं. पहाटे उठून आधी तेच बघायचे. सेलूला पोहोचलं तेव्हा मागच्यासारखा फोन येईल म्हणून थांबले. घटस्थापनेच्या दिवशी पाहिलं तर लिहिलेलं: ‘ग्राहकाने स्वीकारण्यास नकार दिला.’ मी ती ओळ तीनदा वाचली. मग शाळेत निरोप पाठवला आणि पहिल्या गाडीनं सेलू गाठलं.

कुरिअरच्या ऑफिसात एक पोरगेला माणूस होता, नम्र आणि दमलेला. “फोन लागला न्हाई मॅडम,” तो म्हणाला.

मी माझा मोबाइल त्याच्यापुढं धरला. “ह्यात तुमचा एक तरी फोन दाखवा.”

त्यानं मान खाली घातली. “वालूरला आमची गाडी जात न्हाई. तुमाला फोन करायचा राहून गेला, गर्दी व्हती. दोन दिवसांत उचललं न्हाई की सिस्टीममधी काहीतरी कारण टाकावं लागतं.”

“म्हणून मी नकार दिला असं टाकलं?”

“दुसरं कारण न्हाईच त्यात. ‘पत्ता चूक’ टाकलं तर तुमचंच पुढचं पार्सल अडकतं. म्हणून हे टाकलं.” मग अगदी मनापासून म्हणाला, “तुमच्या भल्यासाठीच टाकलं मॅडम.”

“आणि पार्सल?”

“रातच्या गाडीनं मुंबईला गेलं.”

मी ओरडले. बाई माणूस भर ऑफिसात ओरडतेय म्हणून बाहेरची माणसं डोकावायला लागली. त्यानं पाण्याचा ग्लास पुढं केला. तो ग्लास बघून मला आणखी संताप आला, कारण तो माणूस वाईट नव्हता. ज्याच्यावर ओरडायला हवं तो कुठंच नव्हता. मुंबईतली मुलगी गोड होती, परभणीचा दुकानदार समजुतीचा होता, हा नम्र होता. सगळी चांगली माणसं मिळून माझं काम होऊ देत नव्हती.

यंदाचं मुद्दाम सांगून टाकते. गेल्या वर्षी सातही डोळे बसले, पेर नीट झाली. त्यामुळंच ताडकळसची एक बाई मोटारसायकलवर नवऱ्यामागं बसून आमच्याकडं आली होती. तिच्याही घरी फळीवर तीच असते. मला एक करून द्या म्हणाली. मी हो म्हटलं. आता डब्यात उरलेल्या जोड्या सात नळ्यांना पुरत नाहीत, ती जोडी बनवणं कंपनीनं बंद केलंय, बदली जी सांगितली ती कुठंतरी वाटेत आहे, आणि पेरणीचं हस्त नक्षत्र लागायला किती दिवस राहिले ते ती बाई मला फोन करून विचारते. अनुभवानं माणूस शहाणा होतो म्हणतात. मी एवढीच शहाणी झालेय की ओरडत नाही.

असो. सेलूत त्या ऑफिसातून बाहेर पडले. बाजूच्याच गल्लीत नईमभाईंचं दुकान. नईमभाई टीव्ही-रेडिओ दुरुस्त करतात, साठीच्या पुढचे. लग्नानंतर एकदा आमचा टीव्ही घेऊन गेले होते, तेव्हापासून ओळख. मी जाऊन बाकावर बसले.

“क्या हुआ बेटी? घर में सब खैरियत?” त्यांनी विचारलं.

सगळं सांगितलं. मधे रडूही आलं. नईमभाईंनी चष्मा कपाळावर सारला आणि परत करायला म्हणून मी पिशवीत घेतलेल्या वीस दिव्यांमधला एक बोटात धरून फिरवला. “इसका जोडीदार होना तुमको,” ते म्हणाले. मग उठले आणि आतून एक गोणी ओढत आणली. गोणीत जुने माऊस होते, संगणकाचे, पोटात गोळी असलेले. कुठल्याशा शाळेनं टाकून दिलेले. “लोगां बोलते नईमभाई, ये कचरा कायकू रख्ये? मैं बोलता, कचरा हय तो पडने देव.” त्यांनी एक माऊस उघडला. गोळीच्या दोन्ही अंगांना चाकं, आणि प्रत्येक चाकाच्या आजूबाजूला एक दिवा, एक डोळा.

मी गोणीत हात घातला. दुपारभर आम्ही माऊस फोडत बसलो. नईमभाई डोळे काढून द्यायचे, मी त्यांचा मीटर लावायचे. त्यांच्या चांगल्या आयर्ननं कथिल पाण्यासारखं पळत होतं. पण ह्या डोळ्यांना सवय होती बोटाच्या पेरभर अंतराची, आणि आमच्या नळीची रुंदी त्याच्या चौपट. बहुतेकांना पलीकडचा उजेड दिसतच नव्हता. तीस-बत्तीस तपासले. तिघांना दिसला. तिघांनाच.

“तीन तो तीन,” नईमभाई म्हणाले. “एक तुमारे पास हय. चार हो गये.” आणि त्यांनी स्वतःचं आयर्न वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकलं. “पेरनी होने तक रखो. मेरे पास पुराना हय, चल जाता.”

चार डोळे चार नळ्यांत बसवून मी तारा ट्रॅक्टरपर्यंत नेल्या. दुकानाशी पुन्हा भांडून मागवलेलं तिसरं पार्सल मुंबईहून निघालं होतं. आणखी तीन दिवस मिळाले असते तर सातही झाले असते. नवरात्राच्या पाचव्या माळेच्या संध्याकाळी गोविंद रानातून आले, हातातला मातीचा गोळा ओट्यावर टाकला. गोळा फुटला.

“उद्या पेरायचं,” ते म्हणाले.

“तीन दिवस थांबा. पार्सल निघालंय.”

“तीन दिवसांनी ओल उडून जाईल.”

“महिनाभर मी जीव काढला, तुम्हाला तीन दिवस थांबवत नाही?”

“वाफसा काय कुरिअरवाल्याला इचारून येतो का शुभांगी?” तेही चिडले होते. त्यांचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. आम्ही जेवलो ते एकमेकांकडं न बघता.

सकाळी रानाला ओल्या काळ्या मातीचा गार वास होता. पेटीत बी भरलं. ट्रॅक्टरवर चार हिरवे दिवे, आणि तीन जागा नुसत्या भोकांच्या. मी काही म्हणायच्या आत आत्याबाईंनी पदर खोचला आणि फळीकडं निघाल्या.

“तीनच का व्हईना, कुणीतरी लागंलच की,” त्या म्हणाल्या.

गोविंदनं मागं बघितलं, मग माझ्याकडं. ट्रॅक्टर निघाला. मी बाजूनं चालत होते. दुसऱ्याच फेरीला शिट्टी वाजली. दुसऱ्या नळीचा दिवा विझला होता. गोविंदनं ट्रॅक्टर थांबवला, खाली उतरून बघितलं तर फणाच्या तोंडाशी चिखलाचा बोळा. नळी वरपर्यंत भरलेली. म्हणजे काही पावलं तरी तशीच आली होती.

आत्याबाई फळीवर उभ्या होत्या. त्या नळीपासून हातभर अंतरावर. “मी हितंच बघत व्हते,” त्या म्हणाल्या. “मह्या डोळ्यासमोर तुंबली गं. न्हाई दिसली.”

आपल्या मशीननं काम केलं ह्याचा आनंद मला त्या क्षणी व्हायला हवा होता. महिनाभर मी त्या शिट्टीसाठीच मरत होते. पण आत्याबाईंचा चेहरा बघितला आणि सगळा आनंद निघून गेला.

“उतरा तुम्ही,” मी म्हटलं.

“आणि मग?”

“मी चढते.”

त्या नको म्हणाल्या. गोविंदही म्हणाले. मी ओढणी कमरेला बांधली आणि चढले. दोन दिवस मी त्या फळीवर होते. फळी सारखी हलत असते. पकडायला पेटीची कड, आणि ती उन्हानं तापलेली. तोंडावर डिझेलचा धूर, दातांत माती. तीन नळ्या, त्यांतून पळणारे पिवळे दाणे. पहिला तास मी प्रत्येक दाणा बघितला. दुसऱ्या तासाला दाणे दिसेनात, नुसती एक पिवळी रेघ दिसायला लागली. त्यानंतर रेघ आहे की नाही हेही नीट कळेना. डोळे उघडे असतात, समोर नळी असते आणि तरी आपण बघत नसतो. वळणावर फळी तिरकी झाली की खाली चकचकीत फण दिसायचे. ह्या फळीवर आत्याबाई वर्षानुवर्षं उभ्या राहिल्या, मोडक्या हातानं पुन्हा चढायला निघाल्या. मी मात्र वाटेत कुठंतरी अडकलेल्या तीन बोटभर भागांच्या नावानं बोटं मोडत होते. शिट्टी त्या दोन दिवसांत आणखी तीनदा वाजली. माझ्या तीन नळ्यांपैकी एकही तुंबलेली मला दिसली नाही, म्हणून मी समाधानात होते.

पेर आटोपली त्याच्या दुसऱ्या दिवशी सेलूहून फोन. “मॅडम, ह्या वेळेस पहिल्यांदा तुमालाच फोन केला,” तो नम्र माणूस आनंदानं म्हणाला. जाऊन आणलं. दहा जोड्या, बरोबर नंबर, एकेक डोळा टपोरा, स्वच्छ. मी ते डब्यात टाकले आणि झाकण जोरात लावलं.

आठव्या दिवशी सकाळी आत्याबाई म्हणाल्या, “चल, उगवण बघून येऊ.” रानात ज्वारीच्या हिरव्या सुया वर आल्या होत्या, ओळीनं. दवानं चमकत होत्या. आम्ही बांधावरून चालत गेलो. पूर्वेच्या अंगाला एका ओळीत हिरवं अचानक संपलं होतं. मी आत उतरून पावलं टाकली. चाळीस पावलं नुसती माती. फेरीच्या कडेपासून ओळी मोजल्या. सहावी. सहावी नळी माझ्या तिघींतली.

“माझी राहिली,” मी म्हटलं. “मी बघत होते आत्याबाई. डोळे फाडून बघत होते.”

“बघत व्हतीस की,” त्या म्हणाल्या. “मीबी बघत व्हते.” “तुहे मामा दरसाली इचारायचे, ही वळ कशानं राहिली, ध्यान कुठं व्हतं तुहं. मी म्हणायचे, चुकलं. तीस वर्सं मी चुकलं, चुकलंच म्हणत आले.”

मामा म्हणजे माझे सासरे. ते जाऊन बरीच वर्षं झाली. हे आत्याबाईंनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

आत्याबाईंच्या ओटीत बी होतं. उगवण बघायला जाताना त्या नेहमीच घेऊन जातात. खुरपं काढून त्या ओळीत बसल्या. “चल, नांगे भरू,” म्हणाल्या. त्या उजव्या हातानं खड्डा करायच्या, मी दोन-तीन दाणे टाकून माती सारायचे. ऊन अजून कोवळं होतं. पंधरा-वीस पावलं झाली असतील, तेव्हा गोविंद बांधावर येऊन उभे राहिले. त्यांनी ओळीकडं बघितलं, मग आम्हा दोघींकडं.

“ही वळ कशानं राहिली?” त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडणार होते. आत्याबाईंनी मान वर केली नाही. “नळी तुंबली व्हती,” त्या म्हणाल्या, आणि पुढचा खड्डा केला.